नकाशावरची लाल रेघ

कोलोरॅडोच्या जंगलात लेकीला पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला न्यायचं, म्हणून श्रीरंगने बंदुकीपासून भडंगाच्या डब्यापर्यंत सगळं मांडून ठेवलं. पोरीला नेम धरता येईल का, एवढाच त्याला घोर.

पंधरा वर्षांच्या मृण्मयीने जंगलाच्या नकाशावर, गाडी लावायच्या जागेपासून दोन मैलांवर लाल रेघ ओढली. “बाबा, हिच्यापलीकडे हरीण समोर येऊन उभं राहिलं तरी गोळी झाडायची नाही.”

“घाबरलीस होय?”

“मारलं की सगळं मांस पाठीवरून गाडीपर्यंत आणायचं, तीन-चार खेपा. अर्धं कुजत टाकायचं असेल तर मी येत नाही. आणि तू हल्ली जिना कठडा धरून उतरतोस.”

गुडघ्याचं दुखणं त्याने बायकोपासूनही लपवलं होतं; पोरीने घरबसल्या टिपलं. त्याने पेन घेतलं आणि रेघ आणखी अर्धा मैल अलीकडे ओढली.