पाण्याशी ओळख

वाळवंटात न्यापुरूआजींनी लाकडी पात्राने हातभर वाळू उपसली, तरी पाणी लागेना. इथल्या झऱ्यावर त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. तो सापडला, तरच ही भूमी न्यायालयात त्यांच्या जमातीची ठरणार होती. “न्यायमूर्ती, इथे कधी कुणी राहतच नव्हतं,” सरकारी वकील जागेची पाहणी करायला आलेल्या गोऱ्या न्यायमूर्तींना म्हणाले. नात कुजबुजली, “आजी, पाहुण्यांची ओळख करून दिलीस?” आजींनी जीभ चावली. परक्याचा वास येताच झऱ्यातला नाग पाणी लपवतो, हे त्या घाईत विसरल्या होत्या. आपल्या काखेतला घाम न्यायमूर्तींच्या कपाळाला फासून त्यांनी साद घातली, “नागआजोबा, रागावू नका. हा आपलाच माणूस. जरा फिकट आहे, एवढंच.” पुन्हा उपसताच तळाशी पाणी पाझरले. “याची पुरावा म्हणून नोंद घ्या,” असे सांगून न्यायमूर्तींनी भरलेले पात्र तोंडाला लावले. तहानलेल्या वकिलांनी मुकाट्याने कपाळ पुढे केले.