उघडी फाइल

धामणकर नाक्यावरच्या ऑफिसात देवेश कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइली उघडून बदलायचा एक्सएमएल एडिटर जोडत होता. काम खरं किशनचं, पण गेल्या महिन्यात कोन गावाजवळ ट्रकने किशनला उडवलं, तो जागीच गेला. त्याची आई, आक्का, आज त्याचं सामान न्यायला आली होती. तेवढ्यात एडिटर एकदाचा ब्राउझरात उघडला आणि वर इंग्रजीत ओळ उमटली : 'ही फाइल सध्या किशन वापरत आहे.'

देवेशने घाईने माऊस धरला.

"काय लिवलंय रं?"

"काय न्हाय आक्का. तो गेला त्या दिवशी त्याच्याकडून फाइल उघडी राहिली असणार. किशनचं नाव अडकलंय, आता पुसतो."

आक्काने माऊसवरचा त्याचा हात धरला.



"नको पुसू. घरी पन असाच हाय तो. मी कोनाला सांगत न्हाय."