वृश्चिकाखालचा ठिपका

साच्यावर तो ठिपका नव्हताच. त्याने भिंग लावून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. वृश्चिकाच्या शेपटीखाली साचा अगदी गुळगुळीत होता. आत्याजवळच्या नकाशावर मात्र तिथे चांगला टपोरा तारा होता.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तारांगणात तो उठावाचे नकाशे बनवायचा. प्लास्टिकची पातळ शीट तापवून साच्यावर दाबली, की बोटांना लागतील असे तारे वर यायचे. पहिला नकाशा नेहमी आत्याचा. ती लहानपणापासून आंधळी, आणि अंधशाळेत शिकवण्यात तिची सारी हयात गेलेली. तिने होकार दिला तरच त्या शाळेत त्याचा आकाशाचा वर्ग सुरू होणार होता. त्या वर्गासाठी त्याने जिवाचं रान केलं होतं.

मागच्या आठवड्यात तिने सहज विचारलं होतं, हा एकटा पडलेला मोठा तारा कोणता? त्याला ठाऊक नव्हतं. पण तारांगणातल्या माणसाने तसं म्हणायचं म्हणजे काय! त्याने एक नाव ठोकून दिलं. वर निळसर रंग दिला, सूर्याच्या दसपट आकारही देऊन टाकला. आत्याने मान डोलावली. वेळ मारून नेली म्हणून स्वारी खुशीत घरी गेली होती.

आता ती खुशी आठवून त्याचे कान तापले. जिने मांडीवर बसवून पाढे शिकवले, तिलाच त्याने बनवलं होतं. ती हे मुलांना सांगणार, मुलं तेच धरून बसणार. वर बघून खात्री कोण करणार होतं?

संध्याकाळी तो तिच्याकडे गेला. सगळं कबूल करायचं, असं रस्ताभर घोकलं होतं. आत्या नकाशा मांडीवर घेऊन बसली होती. तिचं बोट त्या ठिपक्यावर पाहिलं आणि त्याचा धीर सुटला.

"आत्या, तो ठिपका चुकून आलाय," तो म्हणाला. "दाबताना धूळ अडकली असणार. मी सांगितला तो तारा आहे, पण जरा वर. नवा नकाशा आणून देतो."

आत्याने नकाशा उलटा करून त्याच्या हातात दिला.

"धूळ नाही रे," ती म्हणाली. "ब्रेल लिहायच्या टोच्याने मागून मीच दाबलाय तो. पोरांपुढे तुला उभं करण्याआधी बघायचं होतं, आंधळ्या माणसाला तू 'माहीत नाही' म्हणतोस का ते."