न पोचलेली कळ

शैलाताईंच्या पाळणाघरातल्या पाचही मुलांच्या मनगटांवर कडी होती. मुलाला कुठे लागलं की ती कळ शैलाताईंच्या हातातल्या कड्यातून त्यांनाही जाणवायची. त्यामुळे आताशा मुलं रडतच नसत. मावशीला कळतं, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या दुपारी सगळ्यांचे ओरखडे आणि टेंगळं सोसून शैलाताई वैतागल्या. पाचच मिनिटं, म्हणत त्यांनी कडं काढून फडताळात ठेवलं आणि त्या आडव्या झाल्या.

जाग आली तेव्हा तीन वर्षांची शर्वी उशाशी मुकाट बसली होती. गरम राहिलेल्या इस्त्रीने तिचा तळवा भाजला होता.

"मावशी, तुला नाही का दुखलं?" तिने विचारलं.

शैलाताईंनी तिचा हात नळाच्या धारेखाली धरला, डॉक्टरांना बोलावलं, तिच्या आईला फोन केला. जखम वरवरचीच निघाली.

"कडं बिघडलं असेल हो," धावत आलेली आई म्हणाली. "तुम्ही कशाला वाईट वाटून घेता?"

नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. पण शैलाताईंना शर्वीकडे बघवेना.

"बिघडलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मीच काढून ठेवलं होतं."

आईने शर्वीला उचललं. तिच्या खांद्यावरून शर्वी बघत राहिली, अजूनही न रडता.