बांधापलीकडचा पराग

शेजारच्या हुसेनभाईंनी भोपळ्याच्या वेलांना रोग अडवणारा सौम्य विषाणू टोचून घेतला, तेव्हा यमुनाबाईंनी कडाक्याचं भांडण केलं. तो परागात वाढून मधमाश्यांबरोबर पसरतो म्हणून त्यांनी आपल्या वेलांवर जाळी टाकली.

पण रोग आणणारी मावा ही कीड बारीक. ती जाळीतूनही शिरली. वेल पिवळे पडून गेले. जाळी फाटली होती तिथले मात्र हिरवेगार राहिले, कारण तिथं मधमाश्या आल्या होत्या.

पहिला पिकलेला भोपळा घेऊन यमुनाबाई हुसेनभाईंच्या दारात गेल्या.

"भाऊ, तुमच्या परागानं माझे वेल जगले."

"मधमाशीला बांध कुठं कळतो, वहिनी?" हुसेनभाईंनी भोपळा चिरून मूठभर बिया त्यांच्यापुढे धरल्या. "या पेरा. तो विषाणू बियांतही उतरतो."

यमुनाबाईंनी डोळे पुसले आणि दोन्ही हातांनी पदर पसरला.