एतवारीची साक्ष

"पता नहीं," एतवारी म्हणाली.

सरकारी वकिलांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. प्रश्न अगदीच साधा होता. बेटा, हाथ कैसे जला? अकरा वर्षांच्या त्या पोरीच्या दंडावर इस्त्रीचं टोक स्पष्ट उमटलेलं होतं. कोर्टातल्या सगळ्यांना ते दिसत होतं. इस्त्री कुणी टेकवली, एवढंच तिनं तोंडानं सांगायचं होतं.

मागच्या खुर्चीवर पद्मजा पुढे सरकून बसली. घाबरली असेल बिचारी, तिला वाटलं. पडद्यापलीकडे आरोपी लतिका बसली होती, एतवारी राबायची त्या घरची मालकीण. एतवारी तिला काकू म्हणायची. पण ती एतवारीला दिसत नव्हती. पडद्याला कुठे फट नाही ना, हे पद्मजानं स्वतः सकाळी पाहून घेतलं होतं.

पद्मजा कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला होती. मुलांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एका संस्थेत उन्हाळी सुट्टीपुरती उमेदवारी करायला आली होती. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, राज्यघटनेची कलमं धडाधड म्हणून दाखवणारी पोर. आल्या आल्या तिच्या वाट्याला फोटोकॉपीचं मशीन आलं. मग एका सकाळी संस्थेच्या वकील सुनीती मॅडम म्हणाल्या, "तुला मराठी येतं ना? चलो, तुझ्यासाठी काम आहे."

काम म्हणजे एतवारी. झारखंडची पोर, पण दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या एका सोसायटीत मराठी कुटुंबाकडे राबायला ठेवलेली. मराठी तिथंच शिकली. भांडी घास, फरशी पूस, तोंड वर करू नकोस. तिला मराठीतून नुसते हुकूम येत होते. ते ऐकून पद्मजाला आपल्याच भाषेची लाज वाटली.

तिला काहीही विचारा, एतवारी 'हो' म्हणायची. पोट भरलं? हो. भूक लागली? हो. त्या घरात 'हो' म्हटलं नाही की पाठीत धपाटा बसायचा. सुनीती मॅडमना याचीच धास्ती होती. समोरचा वकील विचारणार, हात तूच भाजून घेतलास ना? आणि ही म्हणणार, हो. की खेळ खलास!

"तिला 'पता नहीं' म्हणायला शिकव," त्यांनी पद्मजाला सांगितलं. "समजलं नाही, ठाऊक नाही, तर सरळ तसं म्हणायचं. कुणी मारणार नाही. पण भाजल्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही हं. बिल्कुल नाही. पोरीला पढवलं म्हणून आपल्यालाच उघडं पाडतील."

पद्मजानं नियम जिवापाड पाळला. तिनं एक खेळच काढला. माझ्या आजोबांच्या मांजराचं नाव काय? पहिल्यांदा एतवारीनं मान खाली घालून भीत भीत 'मनी' म्हटलं. पद्मजा नुसती हसली आणि तिनं पुन्हा विचारलं. अखेर एका दुपारी पोर पुटपुटली, "पता नहीं." पद्मजानं टाळ्या वाजवल्या. टेबलापलीकडे बसलेल्या संस्थेतल्या लोकांनीही वाजवल्या. एतवारी त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मग रोज तोच खेळ, रोज टाळ्या. पोरीची मान वर झाली, आवाज फुटला. सुनीती मॅडमनी पद्मजाची पाठ थोपटली आणि पद्मजा त्या दिवशी घरी जवळजवळ नाचत गेली.

"घर में तुम्हें कौन मारता था?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"पता नहीं."

"इस्त्री किसके हाथ में थी?"

"पता नहीं!"

प्रत्येक उत्तराला आवाज खणखणीत होत चालला होता. हा भ्यालेल्या पोरीचा आवाज नव्हता. पद्मजाला आता कळलं. ओरडून सांगावं, अगं, हा तो खेळ नाही! ती अर्धवट उठलीसुद्धा. सुनीती मॅडमनी मनगट धरून तिला खाली बसवलं. साक्ष चालू असताना बोलायची सोय नव्हती.

जज बाई प्रेमळ होत्या. पुढे वाकून म्हणाल्या, "डरो मत बेटा. याद करके बताओ."

एतवारीनं वळून पद्मजाकडे पाहिलं. तोंडभर हसली. "पता नहीं."

लतिकाच्या वकिलानं उलटतपासणीसाठी उठायचीही तसदी घेतली नाही.

बाहेर व्हरांड्यात सुनीती मॅडम भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "सुटणार ती," एवढंच म्हणाल्या. "आता त्या घरात दुसरी एतवारी येईल."

तेवढ्यात एतवारी धावत आली आणि पद्मजाच्या कमरेला बिलगली. "ताई, एकदा पण चुकले नाही! टाळ्या?"

पद्मजाला रडू फुटत होतं. तरी तिनं टाळ्या वाजवल्या. मग खाली बसली, पोरीचा तो हात हातात घेतला आणि उन्हाळाभर टाळलेला प्रश्न तिनं पहिल्यांदा विचारला.

"एतवारी, हे कुणी केलं, तुला खरंच माहीत नाही?"

"माहीत आहे की. काकूंनी," एतवारी म्हणाली. "पण तू ते कधीच विचारलं नाहीस, ताई. मला वाटलं, ते सांगायचं नसतं."