सात नंबर

"सात नंबर कोण?" तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, आणि सगळ्यांत जुने वेल्डर, मामा, पुढे झाले.

साहेबांनी एक्स-रेची फिल्म उजेडाकडे धरली होती. बॉयलरच्या भिंतीला चिकटून गेलेल्या पाइपचा जॉइंट होता तो. त्याची मागची बाजू डोळ्यांना दिसतच नाही. तारेने बांधलेल्या आरशात बघून ती जोडावी लागते. आरशात हात उलटा चालतो, भल्याभल्यांची तिथे गाळण उडते. फिल्मवर मात्र टाचणीच्या टोकाएवढंही भोक नव्हतं.

"असा जॉइंट मी वीस वर्षांत चार-पाचदा पाहिला असेल," साहेब म्हणाले. "नव्या बॉयलरवर मला हाच हात पाहिजे. मुख्य वेल्डर म्हणून. काय, येणार ना?"

मामांनी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

ठिणगी सगळ्यांच्या मागे उभी होती. कामाच्या पहिल्याच दिवशी तिच्या बुटात ठिणगी पडली आणि ती एका पायावर नाचली, तेव्हाच गड्यांनी तिचं बारसं उरकून टाकलं होतं. पंधरा वेल्डर पुरुष आणि सोळावी ही. तो जॉइंट तिचा होता. दोन दिवस पाठीवर पडून, मान वाकडी करून तिने तो मारला होता, आणि शेजारी ठोकला होता मामांचा नंबर.

ज्याने जोडलं त्याने जोडाशेजारी आपल्या नंबरचा पोलादी पंच ठोकायचा, हा कामाचा नियम. पण तिचा पंच काही आलाच नाही. "तोवर मामांचा मार गं," फोरमन म्हणाला होता. "नंबराने काय पाइप गळायचा थांबतो?" ते 'तोवर' सात महिने चाललं. एकशे बारा जॉइंट झाले. तिने मोजले होते.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोरमनचा एवढा राग नव्हता. त्याच्याकडून दुसरं काय होणार! पण आरशातलं काम करायला ती स्वतः शिकली असली, तरी वेल्डिंगचा टॉर्च हातात धरायला तिला मामांनीच शिकवलं होतं. आणि आज तेच मामा आयत्या बिळावर नागोबा होऊन बसले होते, तेही मिठाची गुळणी धरून.

"साहेब," ती पुढे येऊन म्हणाली, "सात नंबरला एक जॉइंट मारून दाखवायला सांगा ना. इथेच, तुमच्यासमोर."

फोरमन हसला. "हिचं काय मध्येच! हातच्या काकणाला आरसा कशाला, साहेब? फिल्म आहे की समोर."

"काकणाला नको," ती म्हणाली. "पाइपला लागतो. आरसा मी धरते."

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा फोरमनकडे. "होऊन जाऊ दे," ते म्हणाले.

पाइपचा एक तुकडा भिंतीशी लावला. मामा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी मास्क खाली ओढला. तिने आरसा धरला, मागची बाजू लख्ख दिसेल असा. त्यात तिने काही चलाखी केली नाही, तिचा हात जरासुद्धा हलला नाही. टॉर्च पाइपपाशी गेला, मागे आला. पुन्हा गेला, पुन्हा मागे आला. तो पेटलाच नाही. मघाशी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणीतरी खाकरलं.

मामांनी मास्क वर केला.

"माझ्याच्यानं नाही होत," ते म्हणाले. "तो जॉइंट हिचा आहे. आरशातले सगळे हिचेच आहेत." त्यांनी खिशातून सातचा पंच काढून तिच्यापुढे धरला. "घे, पोरी."

"तो तुमचा," ती म्हणाली. "मला माझा पाहिजे."

"अगं, अजून आलाच नाही, तर कुठून..." फोरमनने सुरुवात केली.

"यांच्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरात आहे," मामा म्हणाले. "सात महिने झाले."

तिने मामांकडे पाहिलं. म्हणजे यांना माहीत होतं. रोज आपला पंच तिच्या हातात ठेवताना माहीत होतं.

पंच तेलकट कागदात गुंडाळलेला होता, अगदी नवाकोरा. सोळा नंबर. तो घेऊन ती थेट बॉयलरमध्ये शिरली, त्या जॉइंटपाशी. कानशीने तिने सात घासून काढला. फोरमन बाहेरून ओरडत होता, "अगं, सगळं रेकॉर्ड बदलावं लागेल!"

"बदला," ती म्हणाली.

साहेब वाकून आत डोकावले. "नव्या बॉयलरवर याल?"

"येईन. आधी इथले एकशे बारा."

तिने सोळाचा पंच पाइपवर टेकवला आणि हातोडा उचलला. नंबर उमटायला एक घाव पुरतो. तिने तीन घातले.